थोरलीचे डोहाळे

सानिका गाडीतून उतरली ती डोळ्यांवर आडवा हात धरूनच. पुण्यात जन्मून पुण्यातच वाढलेल्या माणसाला उघडं आभाळ बघायची सवय नसते. वर एवढी जागा रिकामी आहे हेच तिला आधी खरं वाटेना. त्यात सूर्य एकाच ठिकाणी दिसत होता. पुण्यात तो कधीच असा एका जागी सापडायचा नाही, सगळ्या छतभर पसरलेला असायचा.

पुण्यावर छत्र चढवल्याला तेव्हा पन्नासएक वर्षं होऊन गेली होती. उंच खांबांवर ताणलेला तो दुधी रंगाचा पातळ पडदा सगळं शहर झाकून टाकायचा. निम्म्याहून जास्त ऊन तो वरच्या वर परतवायचा आणि त्याच्या बारीक छिद्रांतून दिवसभर पाझरणारं पाणी वाफ होऊन निघून जायचं. माठ ज्या कारणाने गार राहतो त्याच कारणाने पुणं गार राहायचं. छत्राबाहेर वैशाखाच्या दुपारी माणूस उभा राहू शकत नसे. आत मात्र लोक संध्याकाळी अंगावर शाल घेऊन फिरायला जात आणि सावलीपट्टी वाढवली म्हणून महापालिकेला शिव्या घालत.

छत्राखाली जन्मलेली मुलं उंच निघाली. लांब बोटं, लांब मान, नितळ कातडी. लग्न जमवताना या उंचीचं केवढं कौतुक व्हायचं. छत्राबाहेर नेलं की हीच मुलं चक्कर येऊन पडत, पण बाहेर न्यायचं कुणाला कारणच काय होतं? सानिकाही अशीच उंच. तिला सहावा महिना लागला होता आणि कुणालाही न कळवता ती हिमालयात, चौरधारच्या देवदार केंद्रात, आईच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"या दिवसांत तुला इथवर यायला कुणी सांगितलं?" डॉ. ऋजुता सोमण यांनी विचारलं. आवाज चढलेला होता, पण हात आधीच मुलीच्या पाठीवर गेला होता.

"हवापालट," सानिका म्हणाली.

"हवापालट करायला माणसं सावलीत जातात. सावली सोडून कुणी येत नाही."

"मी आले."

पुढचं बोलणं द्वारकामावशीने तोडलं. केंद्राचं स्वयंपाकघर बघणारी ही बाई माणदेशातली, छत्राबाहेर जन्मलेली, ठेंगणी आणि काटक. सानिकाच्या खांद्यापर्यंतही ती पोचत नव्हती. "पोर उन्हात हुबी हाय आन तुमी उलटतपासणी काय करताय, बाई," असं म्हणत तिने सानिकाला हाताला धरून आत नेलं. पाण्याचा तांब्या पुढे केला. सानिकाने दोन घोट घेतले आणि तांब्या खाली ठेवला. प्रवासाने तहान मेली असेल, असं ऋजुताला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋजुता तिला वाफे दाखवायला घेऊन गेली.

चौरधारच्या उतारावर देवदारांचं एक राखलेलं बन होतं. आसपासच्या सगळ्या डोंगरांवरचे देवदार कधीच वाळून गेले होते. हे बन तेवढं उरलं होतं, कारण वनखात्याने प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी पाण्याची नळी आणून सोडली होती. दवाखान्यात सलाइनवर ठेवलेल्या माणसांसारखी ती झाडं थेंबाथेंबावर जगत होती. मोठी होती, हिरवी होती, शंकूही धरत होती. अडचण एवढीच होती की त्यांच्या बियांपासून केलेलं एकही रोप डोंगरावर जगत नव्हतं. वीस वर्षांपूर्वी ऋजुता इथे आली ती याचं कारण शोधायला.

"ही बघ," ती म्हणाली.

सानिका वाफ्याजवळ वाकली. भुरकट मातीत, सावलीच्या जाळीखाली, हिरवे ठिपके दिसत होते. बोटाच्या दोन पेरांएवढी रोपटी, टोकाला आखूड सुयांचा झुपका.

"एवढुशी? आत्ताच उगवली का?"

"दोन उन्हाळे काढलेत त्यांनी. पेरल्यापासून पाणी दिलेलं नाही."

सानिकाने शेजारच्या वाफ्याकडे पाहिलं. तिथली रोपटी वीतभर उंच होती, सरळसोट आणि सुबक. आणि सगळी तपकिरी पडली होती. तिने एकाला हात लावला तर सुया झडून हातात आल्या.

"ही तर चांगली वाढलेली दिसतात."

"वाढली, म्हणूनच गेली," ऋजुता म्हणाली. "खाली चल. वरून काही कळायचं नाही."

वाफ्यांच्या कडेला जमिनीत एक खोल चर खणलेला होता. पायऱ्या उतरून खाली गेलं की दोन्ही बाजूंना काचेच्या भिंती होत्या आणि काचेपलीकडे वाफ्यांची माती. आत गारवा होता. ऋजुताने मंद लाल दिवा लावला. मुळांना पांढरा उजेड सोसत नाही, ती म्हणाली.

त्या दोन पेरांएवढ्या रोपट्यांची मुळं सानिकाच्या डोक्याच्या वरून सुरू होत होती आणि तिच्या गुडघ्यांपर्यंत खाली उतरली होती. एकेक मूळ दोऱ्याएवढं बारीक, न चुकता खाली जाणारं, वाटेत दगड आला तर त्याला वळसा घालून पुन्हा सरळ. टोकं अजून चालत होती. काचेला नाक लावून बराच वेळ पाहिलं तर ती सरकताना दिसतात, असं ऋजुताने सांगितलं, आणि सानिकाने खरोखरच नाक लावलं. समोरच्या भिंतीत उंच रोपट्यांची मुळं होती. ती हातभर सुद्धा नव्हती, वरच्या वर गुंता करून थांबली होती.

"कोण सांगतं यांना?" सानिकाने हळूच विचारलं. देवळात बोलावं तसा तिचा आवाज आपोआप खाली आला होता.

"तेच शोधायला माझी वीस वर्षं गेली." ऋजुता पायरीवर बसली. "हे बघ, बी उगवतं तेव्हा त्याच्याजवळ थोडीशी शिदोरी असते. ती वर खर्च करायची की खाली, हे त्याला लगेच ठरवावं लागतं. सावलीत उगवलं तर त्याला वाटतं, आपल्यावर कुणी मोठं उभं आहे, उजेड गाठायला उंच व्हायला हवं. मग सगळी शिदोरी खोडात जाते. कोरड्या मातीत उगवलं तर ती मुळात जाते."

"आणि सावलीही असली, कोरडही असली तर?"

"त्यावर आमचे लोक पिढ्यान् पिढ्या भांडले. काही म्हणायचे, सावलीत रोपट्याचं पाणी वाचतं, दुष्काळात सावली द्यावी. काही म्हणायचे, सावलीने मूळ तोकडं राहतं, दुष्काळात सावली म्हणजे घातच. प्रयोग दोन्ही बाजूंनी निघायचे. मला कळेना, एकाच प्रश्नाची दोन खरी उत्तरं कशी? मग लक्षात आलं की आपण रोपट्याकडे बघतोय आणि बघायला हवं त्याच्या आईकडे."

देवदाराचा शंकू धरल्यापासून पिकेपर्यंत तेरा महिने जातात. त्यातल्या सातव्या महिन्याच्या आसपास, ऐन उन्हाळ्यात, बीजाच्या आत गर्भ आकार घेतो. त्या दिवसांत आई तहानलेली असेल तर ती गर्भाच्या जनुकांवर खुणा करून ठेवते. जनुकं तीच राहतात. पाककृतींच्या वहीत आईने पेन्सिलीने 'हे कर', 'हे नको' लिहून मुलीला द्यावं, तसं हे. मूळ कृती बदलत नाही, कुठली करायची ते ठरतं. ऋजुताने या खुणेला नाव दिलं होतं तहानखूण. खूण घेऊन आलेलं रोपटं सावलीत ठेवलं तर तिथे नुसतं विसावतं आणि मूळ खाली पाठवत राहतं. खूण नसलेलं रोपटं सावलीला भुलून उंच होतं, आणि पहिल्या कोरड्या उन्हाळ्यात मरतं.

"म्हणजे नळ्यांनी वाट लावली," सानिका म्हणाली.

"नळ्यांनी झाडं जगवली. फक्त त्यांनी आपल्या लेकरांना सांगितलं की जगात पाणी आहे. म्हणून मी चार झाडांच्या नळ्या बंद केल्या. शंकू धरल्यापासून पिकेपर्यंत, थेंबही नाही. ही रोपटी त्या झाडांची."

"आणि त्या झाडांचं काय झालं?"

वर आल्यावर ऋजुताने नुसतं बोट दाखवलं. बनाच्या कडेला एक देवदार उभा होता, एकही सुई नसलेला, राखाडी पडलेला. द्वारकामावशीने त्याचं नाव धाकली ठेवलं होतं. धाकलीने आपले सगळे शंकू पिकवले आणि मग ती वाळली. सगळ्यात चिवट रोपटी तिचीच होती.

सानिका त्या झाडाकडे खूप वेळ बघत राहिली. तिचा हात पोटावर होता.

एका गोष्टीने मात्र ऋजुताची झोप उडवली होती. नळी बंद केलेल्या चार झाडांतलं सगळ्यात जुनं झाड म्हणजे थोरली. तिचा बुंधा चार माणसांच्या कवेत येत नसे. स्वयंपाकघराच्या मागेच ती उभी होती. तिलाही तेरा महिने पाणी नव्हतं, पण तिची रोपटी वीतभर उंच वाढून मेली. तोच तो तपकिरी वाफा. तीन झाडं हो म्हणत होती आणि एक, सगळ्यांत थोर, नाही म्हणत होतं. तहानखुणेचं बियाणं सगळ्या हिमालयभर पेरायचं की नाही हे यावर अडलं होतं. थोरलीने आता पुन्हा शंकू धरले होते, नळी पुन्हा बंद होती, आणि काय निघतं ते बघायला ऋजुता जीव मुठीत धरून थांबली होती.

वैशाखात सानिकाला सातवा लागला. द्वारकामावशीने कुणाला न विचारता डोहाळजेवण काढलं. सानिकाला हिरवी साडी नेसवली, जाईजुई नाही म्हणून देवदाराच्या कोवळ्या सुयांची वेणी केली आणि स्वयंपाकघराच्या मागे, थोरलीच्या खाली, पाट मांडला. केंद्रातल्या चारपाच बायका जमल्या. पुरणपोळी होती, कढी होती, सात तऱ्हेचे भात होते. सानिका हसत होती, सगळं चाखत होती, आणि ऋजुताच्या लक्षात आलं की ती नुसतं चाखतच होती.

"सांग की गं, कशाचं डोहाळं लागल्यात?" मावशीने विचारलं.

"कशाचे नाहीत."

"असं कुटं आसतं व्हय? पोटातलं मागतंय ते आईनं द्याया लागतं. न्हाईतर पोराची लाळ गळती." मावशीने थोरलीच्या बुंध्यावर थाप मारली. "हिला तोंड न्हाई म्हनून मलाच वळखाया लागलं."

ऋजुताच्या हातातली वाटी तशीच राहिली. "काय ओळखलं, मावशी?"

"पानी मागत हुती. दुसरं काय मागनार?" मावशी सहज म्हणाली. "मागल्या खेपेला तुमी नळी बंद केली. मी म्हनलं, शास्तर हाय, आपन बोलू नये. पर सातवा लागला तवा ऱ्हावलं न्हाई. पोटुशीला कुनी तहानेलं ठेवतं का, बाई? भांडी इसळल्यालं पानी रोज सांजंला वतत हुते बुडाशी. महिनाभरच. डोहाळं पुरवलं, बास. ह्या वक्ताला बी करनार हुते, पर सानिकाचं आलं तवा म्हनलं दोघींचं संगंच करू."

सगळ्यांच्या नजरा ऋजुताकडे वळल्या. मावशीच्या हळूहळू लक्षात आलं की आपण काहीतरी भलतंच सांगून बसलो.

ऋजुता रागावली नाही. ती उठली आणि थोरलीच्या बुंध्याला हात लावून वर बघत राहिली. एवढं प्रचंड झाड, शतकानुशतकं उभं असलेलं, आणि त्याला भांड्यांचं विसळलेलं पाणी! त्या पाण्याने त्याची एक फांदीसुद्धा भिजली नसती. तहान भागायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे झाड पाणी मोजतच नव्हतं. टोकाच्या केसाएवढ्या मुळांना रोज संध्याकाळी ओल लागत होती, आणि ती मुळं वर, शंकूंपर्यंत, एवढाच निरोप धाडत होती की कुणीतरी आपली काळजी घेतंय. तेवढ्यावर थोरलीने आपल्या सगळ्या लेकरांच्या खुणा पुसून टाकल्या होत्या. तहानखूण तहानेने उमटत नव्हती. पाणी येईल ही आशा संपली की उमटत होती. चौथं झाड नाही म्हणत नव्हतं. इतर तिन्हींपेक्षा जास्त काही सांगत होतं.

ऋजुताच्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षांत ती पहिल्यांदा त्या झाडाला घाबरली आणि तिला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. दोन्ही एकदमच.

मागे वळली तेव्हा तिला सानिकाचं ताट दिसलं. जवळजवळ भरलेलं. शेजारचा पाण्याचा पेला काठोकाठ होता. आणि सानिका तिच्याकडेच बघत होती.

बायका गेल्यावर दोघी ओसरीवर बसल्या. ऊन कलायला लागलं होतं. सानिकाने खुर्ची मुद्दाम उन्हात ओढून घेतली होती, हेही ऋजुताला आज दिसलं. सानिकाचे ओठ फुटले होते.

"कधीपासून?" ऋजुताने विचारलं.

"तुझा तहानखुणेवरचा निबंध वाचला तेव्हापासून."

"तो देवदारांवर आहे."

"शेवटच्या पानावर तू लिहिलंयस की सस्तन प्राण्यांतही अशा खुणा सापडतात."

"सापडतात म्हणजे..." ऋजुताने स्वतःला आवरलं. ती समजावणीच्या सुरात बोलायला लागली. "सानिका, जुन्या दुष्काळांत पोटात असलेल्या मुलांचा अभ्यास झालेला आहे. मोठेपणी ती मुलं आजारी पडली. हृदय, साखर, सगळं. उपाशी आईची मुलं सुखी झाली नाहीत."

"कारण पुढे त्यांना पोटभर मिळालं. तयारी एका जगाची आणि राहायला मिळालं दुसरंच. तूच समजावलं होतंस मला फोनवर, आठवतं? माझ्या बाळाला कुठलं पोटभर मिळणार आहे?"

"पुण्यात छत्र आहे."

"आई, मी छत्रदुरुस्तीत काम करते." सानिकाचा आवाज शांत होता. "पडद्याला पाझरायला पाणी लागतं. धरणात ते उरलेलं नाही. कडेचे पट्टे आम्ही आत्ताच कोरडे ठेवतोय, लोकांना सांगत नाही. बाळ शाळेत जाईल तोवर छत्र उतरवावं लागेल. सगळी उंच, गोरीगोमटी मुलं त्या दिवशी उन्हात उभी राहतील. मी तुझा तो तपकिरी वाफा बघितला आणि मला आमची गल्ली दिसली."

पस्तीस वर्षांपूर्वी हिच्या वेळी ऋजुताचे सगळे डोहाळे पुरवले गेले होते. सावलीत, गारव्यात, मागेल ते हातात. त्याचा तिला किती अभिमान होता.

"जीवाला धोका होईल एवढं मी करत नाही," सानिका म्हणाली. "खालच्या डॉक्टरांकडे जाते. जगण्यापुरतं पिते. फक्त मागितलं की मिळतं, असं त्याला कळता कामा नये."

"धाकली वाळली, सानिका."

"हो. पण तिची रोपटी बघितलीस ना."

"आणि छत्र टिकलं तर?"

"तर मी चुकले." ती थोडी थांबली. "तू फक्त एवढंच सांग, की माणसाच्या बाबतीत हे खोटं आहे. तू सांगितलंस तर मी हा पेला आत्ता पिते."

समोर उतारावर वाफे दिसत होते. त्यांच्याखाली, मातीत, ते दोरे अजून उतरत असणार, न थांबता, कुणी न बघता. ऋजुताला 'खोटं' एवढा एकच शब्द बोलायचा होता. आई म्हणून तिने तो खरा नसताना उच्चारला असता तरी कुणी दोष दिला नसता. तिने तोंड उघडलं. वीस वर्षं ज्या झाडांनी तिला एकदाही फसवलं नव्हतं ती सगळी समोर उभी होती, आणि शब्द काही बाहेर पडला नाही.

सानिकाने मान हलवली आणि ती आत जाऊन पडली.

थोड्या वेळाने द्वारकामावशी आली. तिच्या हातात तांब्या होता, वर फुलपात्र पालथं घातलेलं. माठाच्या तळातलं, गारेगार. "झोपंत पानी पानी करतीया," ती कुजबुजली. "तिला तेच डोहाळं लागल्यात, बाई. ह्ये तुमच्या हातानं द्या."

ऋजुता तांब्या घेऊन दारापर्यंत गेली. आत सानिका कुशीवर झोपली होती, तिचे फुटलेले ओठ हलत होते. ऋजुता उंबऱ्याशी उभी राहिली, खूप वेळ. मग मागे फिरली. थोरलीकडे गेली, पण थोरलीचाही सातवा होता. वाफ्यांपाशी गेली आणि जाळीपाशी थांबली. त्या रोपट्यांना एक थेंब मिळाला असता तर त्यांची मुळं तिथेच थबकली असती. इतक्या कोरड्या मुलखात भरलेला तांब्या घेऊन ती फिरत होती, आणि तो ओतायला कुठे जागा नव्हती.

"परत माठात नका वतू," मावशी म्हणाली. "डोहाळ्याचं काढल्यालं परत ठिवत न्हाईत."

मग दोघी म्हाताऱ्या ओसरीच्या पायरीवर बसल्या. ज्या पाणी प्यायल्या तरी पुढे कुणाच्या अंगावर खूण उमटणार नव्हती आणि पुसलीही जाणार नव्हती, अशा तिथे दोघीच होत्या. ऋजुताने फुलपात्र भरून आधी मावशीला दिलं, उरलेलं स्वतः प्यायली. पाणी गार होतं. ते तिला फार गोड लागलं, आणि आत मुलगी झोपेत पुन्हा एकदा पाणी म्हणाली.